एचआयव्ही कार्यक्रमांसाठी माहिती गोळा करण्याचं काम: कोल्हापुरातून सुरुवात कशी करायची

एचआयव्हीचा कोणताही कार्यक्रम आकड्यांवर चालतो. तपासणी केंद्र कुठल्या तालुक्यात हवं, एआरटीच्या (विषाणू दाबून ठेवणाऱ्या उपचाराच्या) गोळ्या किती मागवायच्या, कोणत्या गटापर्यंत अजून कुणी पोचलेलंच नाही, हे सगळं त्यावरून ठरतं. युएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचं ९५-९५-९५ हे उद्दिष्ट बहुतेकांनी ऐकलेलं असतं: एचआयव्हीसह जगणाऱ्या १०० जणांपैकी ९५ जणांना आपल्या संसर्गाची माहिती हवी, त्यांतल्या ९५ टक्के लोकांचे उपचार सुरू हवेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांच्या रक्तातला विषाणू दबलेला हवा. दुसरा आणि तिसरा आकडा केंद्रावरच्या नोंदींतून निघतो. पहिल्याचा भाजक, म्हणजे एकूण किती जणांना संसर्ग आहे, हा मात्र कुठल्याच रजिस्टरात नसतो. तो पाहणीतून अंदाजाने काढावा लागतो. त्या अंदाजाच्या तळाशी कुणीतरी कुणाला तरी विचारलेला अवघड प्रश्न असतो. तो प्रश्न नीट, सुरक्षितपणे आणि समोरच्याच्या मर्जीने विचारता येणं हे शिकून घ्यायचं कौशल्य आहे, आणि त्यात करिअर होतं.

नीतीने काम केलं तरच आकडा खरा येतो, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात कोण कुणाचा पाव्हणा निघेल सांगता येत नाही. एका बाईची गोष्ट बाहेर फुटली की त्याच गल्लीतल्या पुढच्या दहा जणी एकतर दार उघडत नाहीत, किंवा ‘दरवेळी कंडोम वापरतो’ असं पाठ केलेलं उत्तर देतात. मग तक्त्यात कंडोमचा वापर शंभर टक्के दिसतो आणि जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथलंच काम कमी केलं जातं.

काम नेमकं कुठे असतं

पहिला प्रकार रोजच्या कार्यक्रमाच्या नोंदींचा. आयसीटीसी या सरकारी केंद्रांत समुपदेशन आणि तपासणी, एआरटी केंद्रावर औषधं, टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन), म्हणजे जोखमीच्या गटांसाठीच्या प्रकल्पांत देहविक्रय करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रकचालक, स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत पोचणं. या सगळ्याच्या नोंदी नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ‘सोच’ पोर्टलवर जातात. जिल्ह्याचा कारभार डापकू (जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक) पाहते, राज्याचा मुंबईतली एमसॅक्स (महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था). टीआय प्रकल्पात ‘एम अँड ई कम अकाउंटंट’ नावाचं पद असतं (एम अँड ई म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन). नवख्याला आत शिरायला हे सगळ्यात चांगलं दार. हिशेब सांभाळावा लागतो हे खरं, पण पीअर एज्युकेटरच्या (त्याच गटातून आलेल्या कार्यकर्त्याच्या) डायरीतली ओळ राज्याच्या अहवालात कशी पोचते हे इतकं जवळून दुसरीकडे दिसत नाही.

दुसरा प्रकार सेंटिनल सर्व्हेलन्सचा, म्हणजे ठरावीक केंद्रांवरून संसर्गाचं प्रमाण मोजत राहण्याचा. ठरलेल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांवर, ठरलेल्या काळात, पहिल्यांदा येणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या गरोदर महिलांचे नमुने सलग क्रमाने घेतले जातात. एका केंद्रावर ४००, जोखमीच्या गटांसाठी एका केंद्रावर २५०. पश्चिम भारताची जबाबदारी पुण्यात भोसरीला असलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एड्स संशोधन संस्थेकडे, म्हणजे अनेक वर्षं ‘नारी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेकडे राहिली आहे. तिसरा प्रकार मोठ्या सर्वेक्षणांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्याविज्ञान संस्थेकडून चालतं. त्याच्या २००५-०६ आणि २०१५-१६ च्या फेऱ्यांत एचआयव्हीची तपासणीही होती. त्याच जातकुळीतल्या जैविक-वर्तनविषयक (रक्ताची तपासणी आणि वागणुकीचे प्रश्न एकत्र असलेल्या) पाहण्या, गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ कार्यक्रमाच्या काळातल्या धरून, झाल्या आहेत आणि त्या काळच्या पाहणीसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत कोल्हापूर होतं. चौथा प्रकार शुद्ध संशोधनाचा: वैद्यकीय महाविद्यालयं, विद्यापीठं, आयसीएमआरचे प्रकल्प.

कोल्हापूर हे शिकण्यासाठी चांगलं ठिकाण आहे. सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय, इचलकरंजीतले यंत्रमाग आणि तिथले परप्रांतीय कामगार, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसी, पुणे-बंगळूर महामार्गावरची ट्रकची वर्दळ, गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, गडहिंग्लजकडच्या सीमाभागातल्या, यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्या-देवदासींच्या वस्त्या. एवढे वेगवेगळे गट एका जिल्ह्यात असतात तेव्हा प्रश्नावली लिहिणाऱ्याचा कस लागतो. शेजारी सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि देहविक्रय करणाऱ्या महिलांची ‘व्हॅम्प’ ही संघटना १९९० च्या दशकापासून काम करते आहे. आपल्याबद्दलची माहिती कुणी, कशासाठी घ्यायची यात समाजाचं म्हणणं असलंच पाहिजे, हा विचार या भागाला नवा नाही.

काय शिकून यायचं

पदवी कुठलीही एकच लागते असं नाही. समाजकार्य, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, नर्सिंग, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका), सार्वजनिक आरोग्य, यांपैकी कशातूनही येता येतं. कोल्हापुरात सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) आहे, शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. एमएसडब्ल्यू झालेल्याला माणसाशी बोलता येतं आणि आकड्यांची भीती वाटते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याचं नेमकं उलटं. आपली जी बाजू लंगडी आहे तिच्यावर पहिलं वर्ष खर्च करा.

पदवीच्या जोडीला तीन गोष्टी हव्यात. संशोधन नीतीचं प्रशिक्षण: एफएचआय ३६० या संस्थेचा संशोधन नीतीचा अभ्यासक्रम आणि अमेरिकेच्या नायडा या संस्थेचा जीसीपी (माणसांवरच्या संशोधनाच्या योग्य पद्धतीचा) कोर्स हे दोन्ही ऑनलाइन आणि फुकट आहेत, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मोबाइलवर फॉर्म बांधता येणं: कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके ही साधनं. आकडे तपासता येणं: एक्सेल पक्कं, मग आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. पुढे परदेशी कार्यक्रमांकडे जायचं असेल तर ओस्लो विद्यापीठात विकसित झालेली डीएचआयएस२ ही प्रणाली शिका. आफ्रिका-आशियातल्या कितीतरी देशांची आरोग्यमाहिती तिच्यावर चालते, आणि तिचे पायाभूत धडे ऑनलाइन मोफत आहेत.

सरावासाठी एचआयव्हीचा विषय अजिबात घेऊ नका. घरच्या पाण्याची साठवण, चहाच्या सवयी, असा निरुपद्रवी विषय घ्या. एक्सेलमध्ये फॉर्म बांधा: एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर सेटिंग. पंचवीस प्रश्न ठेवा. वयाला खालची-वरची मर्यादा लावा, किमान चार प्रश्न आधीच्या उत्तरावर अवलंबून उघडतील असे करा, आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला द्या. ओळखीच्या वीस जणांकडून भरून घ्या. जिथे तीन जण अडखळले तो प्रश्न पुन्हा लिहा. ही एक फाइल नोकरीच्या मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

कायद्याचं एवढं तरी पाठ हवं

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कलम ५ सांगतं की माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कलम ६ मध्ये सर्व्हेलन्सला सूट आहे, पण तपासणी निनावी असेल, व्यक्तीचा संसर्ग ठरवण्यासाठी नसेल आणि पाहणीचा उद्देश लोकांना सांगितला असेल तरच. कलम ८ नुसार कुणाचा संसर्ग उघड करायचा तर त्या व्यक्तीची लेखी नोंदवलेली संमती लागते. अपवाद थोडे आहेत आणि ते कायद्यातच मोजून दिले आहेत. कलम ११ प्रमाणे अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती जपण्याची व्यवस्था करावी लागते.

याच्या जोडीला पॉक्सो कायद्याचं कलम १९ वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर ते कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘तुम्ही सांगाल ते कुणालाच कळणार नाही’ असं वाक्य संमतीपत्रात घालणं चूक आहे. आधी तसं वचन द्यायचं आणि मग तक्रार करायची, हा विश्वासघात होतो. मर्यादा सुरुवातीलाच सांगायची.

संशोधन असेल तर आयसीएमआरची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात आणि एथिक्स कमिटीची परवानगी लागते. कमिटी ७ ते १५ जणांची असते, बैठकीला किमान ५ हवेत. प्रोटोकॉल (संशोधनाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक, संमतीपत्र, संशोधकांचे परिचय, बजेट हे सगळं एकत्र द्यायचं. सीमाभागात काम असेल तर कानडी प्रत, यंत्रमागावर असेल तर हिंदी प्रतही. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंग्रजी आणि मराठी प्रतींत फरक असणं. भाषांतर एकाने करावं आणि दुसऱ्याने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत न्यावं, म्हणजे फरक आधीच सापडतो.

अर्जात एक विनंती आवर्जून करा. जिथे फॉर्मवर नावच घेत नाही, तिथे संमतीपत्रावरची सही हाच त्या बाईला पाहणीशी जोडणारा एकमेव कागद ठरतो. अशा वेळी सहीऐवजी तोंडी संमती घेऊन ती मुलाखतकाराने नोंदवण्याची सवलत कमिटीकडे मागता येते. ती आपोआप मिळत नाही. का हवी ते लिहून द्यावं लागतं.

फॉर्म बांधताना

पहिला नियम: जो रकाना विश्लेषणात वापरायचा नाही तो विचारायचाच नाही. प्रत्येक प्रश्नासमोर ‘हा कुठल्या तक्त्यात जाणार’ हे लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो काढा. नाव, पत्ता, आधार, मोबाइल नंबर हे तर पहिल्याच फेरीत गळतात. जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेलं वय. गावाऐवजी तालुका. पोटजात बहुतेक वेळा लागतच नाही.

धोका एकेका रकान्यात फारसा नसतो, तो जोडीत असतो. ‘वय ३४, विधवा, यंत्रमागावर कामाला, दोन मुली, अमुक गाव’ यात कुठेही नाव नाही, पण त्या गावातला कुणीही ती कोण हे सांगेल. म्हणून फॉर्म तयार झाला की त्याच भागातल्या एका पीअर एज्युकेटरला काल्पनिक उत्तरं दाखवा आणि विचारा, ‘ताई, यावरून माणूस ओळखू येईल का?’ ती जे सांगेल ते कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा खरं असतं.

कोड क्रमांक आधीच छापून घ्या, आणि ते यादृच्छिक असू द्या. नावाची आद्याक्षरं, वय आणि आईचं नाव जोडून कोड बनवण्याची पद्धत जुनी आहे आणि घातक आहे. ज्याला ती पद्धत माहीत आहे तो उलट दिशेने माणूस शोधतो. मोबाइल नंबरचं हॅश (गणिताने बनवलेला सांकेतिक मजकूर) करून वापरणंही सुरक्षित नसतं. दहा आकडी नंबर मोजकेच असतात, साध्या लॅपटॉपवर सगळ्यांचे हॅश काढून जुळवता येतात. कोडच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा ठेवा, म्हणजे ४७ चं ७४ झालं तर फॉर्म तिथेच अडवतो. कोड आणि व्यक्ती जोडणारा तक्ता लागणारच असेल तर तो एकच प्रत, वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाच्या किल्लीत.

टॅबलेटची तयारी फील्डवर जाण्याच्या आदल्या दिवशी करायची. स्क्रीन लॉक, फोटो बॅकअप बंद, लोकेशन बंद, फॉर्म पाठवल्यावर यंत्रातून पुसला जाईल असं सेटिंग, सेटिंग बदलू नये म्हणून अ‍ॅडमिन पासवर्ड. फॉर्मला एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप, लावा. उघडण्याची खासगी किल्ली टॅबलेटवर कधीच ठेवायची नाही. ओडीके आणि कोबोत फॉर्म कुठे भरला याची नोंद आपोआप घेण्याची सोय असते, आणि पर्यवेक्षकांना ती फार आवडते, कारण माणूस खरोखर फील्डवर गेला की नाही ते कळतं. एचआयव्हीच्या पाहणीत ती बंद हवी. त्या नोंदी एकत्र केल्या की वस्तीतल्या घरांचा नकाशा तयार होतो. अजून एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते: कीबोर्ड. एका मुलाखतीत टाइप केलेलं नाव किंवा गाव तो शिकतो आणि पुढच्या मुलाखतीत सुचवतो, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. शब्द सुचवणं आणि शिकणं दोन्ही बंद करा.

संमती

माहितीपत्रक भराभर वाचून अंगठा घेणं ही संमती होत नाही. चार-पाच मिनिटं द्या. बसून बोला, टॅबलेट पिशवीत ठेवून. साधारण असं:

‘मावशी, मी अमुक संस्थेकडून आलेय. तब्येत आणि कामाबद्दल काही प्रश्न विचारायचे आहेत, चाळीस मिनिटं जातील. काही प्रश्न गिऱ्हाइकांशी, घरच्या माणसाशी येणाऱ्या संबंधांबद्दल आहेत. नको वाटला तो प्रश्न सोडा, मधेच उठलात तरी चालतंय. नाही म्हणालात तरी तुमची औषधं, संस्थेची मदत, काही थांबणार नाही. नाव मी लिहीत नाही. एक मात्र आधीच सांगते: अठराच्या आतल्या पोरीबाळीवर कुणी जबरदस्ती करतंय असं तुम्ही मला सांगितलंत, तर ते मला कळवावं लागतंय.’

मग तिलाच विचारायचं: ‘आता तुम्ही सांगा, मधेच थांबायचं वाटलं तर काय करायचं?’ ती म्हणाली ‘थांब म्हणायचं’, तर पुढे जा. ती म्हणाली ‘तुम्ही म्हणाल तसं’, तर तिला नकाराचा हक्क कळलेला नाही, पुन्हा समजावा. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर आभार मानून मुलाखत सोडा. असं सोडल्याबद्दल ज्या प्रकल्पात मुलाखतकाराचे पैसे कापले जातात तो प्रकल्प चुकीचा रचला आहे.

मध्यस्थाची परवानगी म्हणजे संमती नव्हे. घरवाली (कुंटणखाना चालवणारी), ऊसतोडीचा मुकादम, यंत्रमागाचा मालक यांना भेटावं लागतं, नाहीतर आत जाता येत नाही. पण ‘सगळे बोलतील, मी सांगितलंय’ असं मुकादमाने म्हटलं की उलट सावध व्हा. टोळीने त्याच्याकडून उचल घेतलेली असते, नाही म्हणायची सोय कुणाला नसते. अशा वेळी प्रत्येकाला कोपीपासून (मजुरांच्या झोपडीपासून) लांब, एकट्याला विचारा आणि कोण बोललं, कोण नाही, याचा पत्ता मुकादमाला लागू देऊ नका. सगळ्यांनाच तेवढाच वेळ बाजूला बसवलं की ते कळत नाही. जो नको म्हणाला त्याच्याशी तेवढा वेळ पिकापाण्याच्या गप्पा मारा.

मानधन बुडालेल्या मजुरीइतकं आणि जाण्यायेण्याच्या खर्चाइतकं असावं. त्याहून जास्त दिलं की गरजू माणूस धोका दिसत असूनही होकार देतो, आणि गटात नसलेले लोक गटात असल्याचं सांगून येतात. रक्कम एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या.

फील्डवर काय बिघडतं

जागा. टीआयच्या ऑफिसात मुलाखती ठेवल्या की फक्त नोंदलेल्याच बायका येतात आणि पाहणीचा अर्थ जातो. पोलीस चौकीजवळची खोली नको. जिथे चार दवाखाने, दोन लॅब आहेत अशा इमारतीतली भाड्याची खोली उत्तम, कारण तिथे जिना चढणाऱ्याला कुणी ‘कुठं चाललास’ विचारत नाही. पाटीवर एचआयव्ही, एड्स हे शब्द नकोत, गाडीवर प्रकल्पाचा स्टिकर नको.

वेळ. यंत्रमाग कामगाराची पाळी सुटल्यावर, ऊसतोड मजुराची तोडणीवरून परतल्यावर. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असते त्या दिवसांत जोगत्यांच्या वस्तीत पाहणी ठेवली तर निम्मी घरं बंद सापडतील, आणि जे घरी सापडतील त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधला जाईल. आठवणीत राहण्याचा काळही असाच ठरवावा. ‘गेल्या सात दिवसांत’ पेक्षा ‘मागच्या बाजारापासून’ हे गावाकडे जास्त नेमकं आठवतं. बाजाराचा वार प्रश्नावलीत लिहून घ्या म्हणजे झालं.

नमुना. सलग क्रम म्हणजे सलग. घाईत असलेली बाई सोडली, ‘हिचं आधीच माहीत आहे’ म्हणून एक वगळली, की आकडा खालीच येणार. लपलेल्या गटांसाठी कुपन पद्धत वापरतात: गटातल्या वेगवेगळ्या थरांतल्या काही जणांपासून सुरुवात, ओळखीच्यांना देऊन पाहणीला आणण्यासाठी प्रत्येकाला साधारण तीन कुपनं, आणलेल्यांना पुन्हा तीन. इथे एक प्रश्न जीव की प्राण असतो: ‘तुम्ही नावाने ओळखता आणि त्याही तुम्हाला ओळखतात अशा, महिन्याभरात भेटलेल्या, हाच धंदा करणाऱ्या किती जणी या तालुक्यात आहेत?’ गणितात प्रत्येकीच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते या आकड्यावर ठरतं, पण मुलाखतकार घाईत ‘दहा’ लिहून मोकळे होतात. कुपनांची विक्री होते, तीच बाई दुसऱ्या कुपनावर पुन्हा येते, कधी घरवालीच सगळी कुपनं ताब्यात घेते. म्हणून कुपनावर मुदत आणि क्रमांक हवा, आणि ‘हे कुणी दिलं, नको म्हणता आलं असतं का’ हे प्रत्येकीला एकांतात विचारायला हवं.

खोटे फॉर्म. ते ओळखायला घरी पुन्हा जाऊन पडताळणी करणं हा इतर सर्वेक्षणांतला रिवाज. इथे दुसरी भेट म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेत दुसरा प्रश्न. आवाज गुपचूप रेकॉर्ड करणंही बाद. त्याऐवजी आकड्यांकडून काढून घ्या: चाळीस मिनिटांचा फॉर्म बारा मिनिटांत भरलाय का, वयं ३०, ३५, ४० वरच गोळा झालीत का, एकाच मुलाखतकाराकडे ‘नाही’ची रांग लागलीय का (एक ‘हो’ दिलं की पुढे दहा प्रश्न उघडतात, म्हणून थकलेला माणूस ‘नाही’ निवडतो). खोट्या फॉर्मचं मूळ बहुतेकदा फॉर्ममागे पैसे देण्यात असतं. दिवसाचा पगार द्या आणि एका माणसाला दिवसाला पाचपेक्षा जास्त खोलवरच्या मुलाखती देऊ नका.

रक्ताचा नमुना. वाळलेल्या रक्ताचे ठिपके गोळा करत असाल तर कार्ड आडवं, उन्हात नाही, किमान चार तास. कोल्हापूरच्या पावसाळ्यात रात्रभर. पाकिटात शोषक पुड्या आणि दमटपणा दाखवणारं कार्ड घाला, वर फक्त कोड. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि दोन तासांच्या आत रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं.

फोन. पाठपुराव्याला फोन करायचा असेल तर आधीच विचारून ठेवा: फोन कोण उचलतं, कुठल्या वेळी करू, दुसऱ्याने उचलला तर काय सांगू. मेसेजमध्ये ‘शुक्रवारी ११ वाजता भेट’ एवढंच. प्रकल्पाचा नंबर चार जणांनी ‘एआरटी सेंटर’ म्हणून सेव्ह केला की ट्रूकॉलरवर तेच नाव पाचव्याच्या घरी झळकतं. स्वतः ते अ‍ॅप लावून आपला नंबर महिन्याला एकदा तपासा आणि तसं दिसायला लागलं तर नंबर बदला.

यादी मागणारे. सरपंच, पोलीस, कंपनीचा एचआर, कधी चांगल्या हेतूने मदत वाटायला आलेला पुढारी. उत्तर एकच: ‘माझ्याकडे नावं नाहीत, आणि असती तरी २०१७ च्या कायद्याने देता आली नसती. लेखी पत्र संस्थेला द्या.’ वाद घालू नका, त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा.

समोरची व्यक्ती कोसळली तर मुलाखत थांबते, फॉर्म बाजूला. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे नंबर तोंडपाठ हवेत, आणि जवळच्या समुपदेशकाचं नाव, वेळ आधीच ठरलेली हवी. तुम्ही स्वतः समुपदेशक बनायला जाऊ नका. मुलाखतकारांचंही मन भरून येतं. आठवड्यातून एकदा गटाने बसून बोलण्याची वेळ बजेटमध्येच धरा.

ऑफिसात आल्यावर

गळती बहुतेक वेळा इथे होते, आणि त्यामागे हॅकर नसतो. ‘जरा लाइन लिस्ट (एकेका व्यक्तीची ओळ असलेली यादी) व्हॉट्सअ‍ॅपवर टाक’ या एका वाक्यात ती होते. फाइल ग्रुपवर पडली की प्रत्येकाच्या फोनच्या बॅकअपमध्ये जाते. नियम लेखी हवा: व्यक्तीची ओळ कुठल्याही मेसेजिंग अ‍ॅपवर जाणार नाही, मागणारा कितीही मोठा असो.

एक्सेलमध्ये रकाना लपवला म्हणजे तो गेला असं होत नाही. पिव्होट टेबल (ओळींची आपोआप बेरीज मांडणारा तक्ता) करून मूळ पान पुसलं तरी त्या टेबलाच्या पोटात सगळ्या ओळी शिल्लक राहतात. एका आकड्यावर दोनदा क्लिक केलं की उघडतात. बाहेर पाठवायचा तक्ता नेहमी नव्या फाइलीत फक्त आकडे म्हणून चिकटवा.

पाचपेक्षा लहान आकडा जाहीर तक्त्यात छापू नका. आणि तो झाकल्यावर बेरीज पाहा. एकूण ११, पुरुष ९, महिलांच्या जागी फुली असेल तर महिला २ हे शाळेतलं पोरही सांगेल. अशा वेळी दोन तालुके एकत्र करा.

डेटा किती वर्षं ठेवणार, कोण पुसणार, आणि निधी अचानक थांबला तर तो कुणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी प्रोटोकॉलमध्ये लिहा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत गोठवली तेव्हा पेपफार या अमेरिकेच्या एचआयव्ही मदत कार्यक्रमाच्या पैशावर चालणारी अनेक देशांतली कामं रातोरात अडली. ऑफिस बंद झालं तरी सर्व्हर आणि कपाटं तशीच राहतात. त्यांचा वाली आधीच ठरलेला हवा.

नोकरी आणि पुढची वाट

क्रम साधारण असा: फील्ड इन्व्हेस्टिगेटर, पर्यवेक्षक, डेटा मॅनेजर किंवा एम अँड ई ऑफिसर, मग राज्य किंवा देशपातळीवर स्ट्रॅटेजिक इन्फर्मेशनचं (आकड्यांवरून कार्यक्रमाची दिशा ठरवण्याचं) काम. जाहिराती एमसॅक्स, नॅको, आयसीएमआरच्या संस्था आणि आयआयपीएस यांच्या संकेतस्थळांवर येतात. संस्थांच्या जागा डेव्हनेटजॉब्स इंडिया आणि रिलीफवेबवर. बहुतेक जागा कराराच्या असतात. भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः केंद्र सरकारच्या पैशावर चालतो, म्हणून तिथलं काम परदेशी निधीवरच्या प्रकल्पापेक्षा जास्त टिकतं. नवख्याने पहिली दोन-तीन वर्षं तिथेच काढावीत असं आमचं मत आहे. त्या काळात दोन गोष्टी कमवा: एका गटाशी खरी ओळख, आणि इंग्रजीत दोन पानांचा स्वच्छ अहवाल लिहिण्याची सवय. ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियासाठीचा जागतिक निधी) किंवा डब्ल्यूएचओच्या मापदंडांवर चालणाऱ्या कामात या दुसऱ्या गोष्टीवर बरीच निवड होते. परदेशात जाताना वय किंवा पदवीपेक्षा ‘एवढ्या जागांवरचा डेटा सांभाळला, तो असा तपासला’ हे जास्त पाहिलं जातं.

एचआयव्हीसह जगणाऱ्या किंवा या गटांतून आलेल्या व्यक्तींनी हे काम जरूर निवडावं. पीअर एज्युकेटरपासून पर्यवेक्षकापर्यंतची वाट आहे, आणि संसर्गाच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. मुलाखतीत आपली स्थिती सांगण्याची सक्ती कुणावर नाही. एक अडचण खरी: ओळखीच्या माणसांची मुलाखत घ्यायची वेळ येते. तेव्हा मुलाखतकार बदलण्याची सोय मागून घ्या. समोरच्यालाही ‘मी नको, दुसरी ताई येईल’ असा पर्याय द्या.

कामाच्या मुलाखतीला जाताना आधीच्या प्रकल्पाचा खरा डेटा नमुना म्हणून नेऊ नका, नावं काढलेला असला तरी. असा उमेदवार समजदार संस्था त्याच टेबलावर नाकारते. न्यायचं ते हे: काल्पनिक उत्तरं भरलेला तुमचा फॉर्म, त्याची तपासणीची यादी, पिशवीतल्या टॅबलेटचं सेटिंग लिहिलेला एक कागद, आणि तुम्ही स्वतः लिहिलेलं मराठी माहितीपत्रक. पॅनेलसमोर ते माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवायला सांगतील अशी तयारी ठेवा. तीन मिनिटांत बसलं पाहिजे.